बसलेल्यांची नावं

४ मे, रविवार

आणि तिचा हात पुढे आलेला असताना तू प्रभुभोजनाचं ताट उचललंस, तिच्या मांडीवरून पलीकडे नेलंस आणि माझ्यासमोर धरलंस.

मी भाकरीचा तुकडा घेतला. सवयीने घेतला. मग शेजारी पाहिलं. आईचा हात तसाच होता, तळवा वर, बोटं किंचित वाकलेली. तिला वाटलं, तुझ्याकडून घाईत राहून गेलं. ती तुझ्याकडे बघून हसलीसुद्धा. तू तिच्याकडे पाहिलं नाहीस. तुझ्यामागून दुसरे पंच, मास्तर, प्याले घेऊन आले. त्यांनीही तेच केलं.

आपल्याकडे ताट हातोहात जातं. शेजारी शेजाऱ्याला देतो, पंच फक्त बाकाच्या टोकाशी उभे राहतात. आज तुम्ही ते हातातून सोडलंच नाही. बाकांमधल्या अरुंद जागेतून, लोकांच्या पायांना अडखळत, स्वतः फिरवलंत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तुकडा माझ्या हातात होता. तोंडात घालावा की नाही ते कळेना. घामाने तो मऊ व्हायला लागला. मग घातला.

तुला हे सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण लिहिल्यावर तरी ते मला खरं वाटेल. सगळ्या मंडळ्यांच्या महासभेकडून निवेदन आलं. शास्त्रातला शब्दन्‌शब्द देवाचा, त्यात चूक नाही, तो तोलायचा नाही, पाळायचा. प्रत्येक मंडळीने ते मान्य करायचं किंवा नाकारायचं. आपल्याकडे हात वर करत नाहीत, चिठ्ठ्या टाकत नाहीत. मान्य असेल तो उभा राहतो, नसेल तो बसून राहतो. बाबा पंच होते तेव्हाही असंच होतं. गेल्या महिन्यात तू पुढे उभा राहून मोजलंस. मी उभी होते. आई माझ्याशेजारी बसून होती, कारण तिचे गुडघे. ती हल्ली गीत म्हणतानाही उठत नाही. हे अख्ख्या मंडळीला माहीत आहे. तुला तर माहीत असायलाच हवं, गोळ्या तुझ्याच दुकानातून येतात.

तिला तू बसलेल्यांत धरलंस.

आज भोजनाआधी पाळकसाहेब म्हणाले, ज्यांनी निवेदन मान्य केलं नाही त्यांनी मेजापासून दूर राहावं. आईने ते नीट ऐकलं. मान डोलावली. ते दुसऱ्या कुणासाठी आहे असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "बाबूला बरं नाही का?"

चूक झाली असेल तर सुधार. चूक नसेल तर तेही कळव. मी कुणाला लिहितेय ते मला समजायला हवं.

ताई


७ मे, बुधवार

बाबू,

तुझी चिठ्ठी काल मिळाली. औषधांच्या पिशवीवर लिहिली आहेस. दुकानात दुसरा कागद नव्हता, की मी बहीण आहे म्हणून एवढा पुरे?

तू लिहितोस, गणती म्हणजे गणती. डोळ्यांना जे दिसलं ते मोजलं, मनात काय होतं ते मोजायला गेलो असतो तर कुणीच बसलेलं निघालं नसतं. आई आहे म्हणून वेगळं मोजता येत नाही. पण दुरुस्तीची सोय आहे. तिने पंचांसमोर एक वाक्य सांगायचं, की गुडघ्यांमुळे उठता आलं नाही, एरवी उठले असते. मग तिचं नाव उभ्या राहिलेल्यांत जाईल आणि पुढच्या भोजनाला तिला ताट मिळेल.

चिठ्ठी वाचून मला हायसं वाटलं. एकच वाक्य. रविवारपासून माझ्या छातीवर काहीतरी बसलं होतं, ते उठलं. मग काम करता करता वाटलं, आपल्याला हायसं कसलं वाटतंय? स्वतःच्या आईने स्वतःच्या मुलासमोर जबानी द्यायची, एवढ्यावर सुटलो म्हणून?

या सगळ्याची सुरुवात आपल्या मंडळीतल्या नर्सच्या लग्नापासून झाली. ते आता कुणी बोलत नाही. सगळे महासभेचं निवेदन, महासभेचं निवेदन म्हणतात, जणू ते आभाळातून पडलं. पाळकसाहेबांनी तिचं दुसरं लग्न लावलं आणि पहिला नवरा अजून जिवंत आहे. त्याने तिचा हात दारात धरून दार लावलं होतं. तिची बोटं अजून सरळ होत नाहीत. मास्तर तेव्हा सभेत उठून म्हणाले, शास्त्रात व्यभिचाराचं कारण दिलंय, बोटांबद्दल काही लिहिलेलं नाही. मी बाकाखाली बघत बसले होते. मला वाटलं कुणीतरी काहीतरी बोलेल. तू बोललास. तू म्हणालास, मास्तरांचं बोलणं कठोर आहे, पण बरोबर आहे.

त्या रात्री जेवताना आपली जुंपली होती, आठवतं? तू म्हणालास, डॉक्टर चिठ्ठीवर लिहितो ते मी देतो. मला रोग्याची दया आली म्हणून अर्धी गोळी कमी केली तर माणूस माझ्या दयेने मरेल. मी म्हणाले, मी कवळ्या करते. माप कितीही नीट घेतलं तरी कवळी शेवटी तोंडात बसवून घासावी लागते, नाहीतर हिरडी सोलून निघते. तू म्हणालास, शास्त्र काय हिरडीप्रमाणे घासायचं? आई आतून म्हणाली, "तुमची दोघांची दुकानं बंद झाली असतील तर पानं घेते." आपण दोघंही हसलो. तुझी बायको तर पाणी पिता पिता ठसकली.

त्यानंतर आपण एका टेबलावर जेवलेलो नाही.

आईला वाक्य सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने विचारलं, "कुणापुढे सांगायचं?" मी म्हणाले, पाळकसाहेब आणि मास्तर घरी येतील, सोमवारी. "आणि बाबू?" तोही पंच आहे, येईल. ती म्हणाली, "मग पडदे धुवायला हवेत."

तिने पडदे धुतले. म्हणजे मी धुतले, तिने सांगितलं.

सोमवारी ये.

ताई


१३ मे, मंगळवार

काल तू गाडीत बसून राहिलास. रस्त्याच्या पलीकडे, शिंप्याच्या दुकानासमोर. काच वर केलेली होती. मी खिडकीतून पाहिलं आणि आईला सांगितलं नाही. तिने तिसरी खुर्ची मांडून ठेवली होती. पाळकसाहेब तिच्यावर बसायला लागले तर म्हणाली, "ती नको, तिचा पाय हलतो." तिचा पाय हलत नाही.

वर काय झालं ते मास्तरांनी तुला त्यांच्या पद्धतीने सांगितलं असेल. मी दारात उभी होते. मी ऐकलं ते सांगते.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. त्यांचं वजन कमी झालंय. नर्सचं लग्न लावणारे तेच, आणि निवेदनाला सगळ्यांत आधी उभे राहिलेलेही तेच. कप हातात धरून ते आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. शेवटी मास्तरांनी सुरुवात केली.

"वहिनी, आम्हाला वाईट वाटतंय. पण एका मिनिटाचं काम आहे. गुडघे दुखत होते ना त्या दिवशी?"

"दुखत होते."

"झालं तर मग. आणि दुखत नसते तर उठला असता."

आईने चहाचा घोट घेतला.

"वहिनी?"

"तुमचे गुडघे कसे आहेत, मास्तर?"

"माझे? माझे बरे आहेत."

"बरं आहे. माझे काही महासभेला विचारून दुखत नाहीत."

पाळकसाहेब हसले आणि लगेच थांबले. मास्तर म्हणाले, "उतारवयात हा त्रास नको म्हणून तर आलो. एवढंच म्हणा. त्या दिवशी तिथे जे बसले होते, ती नर्स, तिचा नवरा, घड्याळवाले आजोबा, त्यांच्यातल्या तुम्ही नव्हे."

आईने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता म्हणेल. मी अक्षरशः ओठ हलवले, तिच्यासाठी.

ती म्हणाली, "बसले तर होते."

"अहो, पण मनाने?"

"मनाने कुठे बसतात, मास्तर? बाकावर बसले होते. तुमच्या पंचांनी पाहून मोजलंय. चुकीचं मोजलं असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मग आम्ही काय समजायचं? तुम्ही शास्त्र मानत नाही?"

त्यावर तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की मास्तरांनी नजर खाली घेतली. ते तिला बाबांच्या लग्नापासून ओळखतात. मग तिने कवळी काढली आणि वाटीत ठेवली. तुला माहीत आहे त्यानंतर ती पाहुण्यांसमोर बोलत नाही. मास्तरांना माहीत नव्हतं. ते बराच वेळ उत्तराची वाट बघत राहिले.

जिन्यात पाळकसाहेब मला म्हणाले, "तुम्ही समजवा त्यांना. नाव कमी झालं तर दफनभूमीचाही हक्क जातो." मी म्हणाले, बाबांच्या शेजारची जागा बाबांनीच तिच्यासाठी राखून ठेवलीय. ते म्हणाले, "म्हणून तर म्हणतो."

मला धक्का कशाचा बसला ते मला अजून ठरवता येत नाही. ते असं बोलायला आले याचा, तू वर आला नाहीस याचा, की आईचा. कारण मी तिला अनेकदा विचारलं. साधी गोष्ट आहे आणि खरी आहे. ती उठली असती. सगळ्यांच्या आधी उठली असती. मग का नाही म्हणत? ती काही कारण सांगत नाही.

तू येऊन विचार. मला सांगत नसली तरी तुला सांगेल.

ताई


२१ मे, बुधवार

बाबू,

"तूच तिला शिकवलंस." तीन शब्द, आणि तेही टाइप करून. मास्तरांनी सांगितलं का, की घरच्यांना टाइप करून लिहायचं?

मी आईला काय शिकवणार? मी तर उभी राहिले होते. का उभी राहिले ते विचारशील तर सांगता येणार नाही. सगळा बाक उठला, मीही उठले. मला त्या निवेदनातलं निम्मं पटत नाही. आणि आईला ते सगळंच्या सगळं पटतं. तिला ताट मिळालं नाही, मला मिळालं. हे कुठल्या शास्त्रात बसतं ते तुम्ही पंच मिळून शोधा.

मागच्या पत्रात मी लिहिलं, ती कारण सांगत नाही. ते खोटं होतं. तिने त्याच दिवशी सांगितलं, तुझी गाडी गेल्यावर. मला तुला कळवायचं नव्हतं. तू येशील आणि तिच्या तोंडून ऐकशील असं मनात होतं. तू आला नाहीस, म्हणून आता मीच सांगते.

कवळी वाटीतच होती, त्यामुळे शब्द बोबडे येत होते. ती म्हणाली, "अंगणात शेकोटी होती. तो कोळी तिथे शेकत बसला होता. आत त्याच्या गुरूला मारत होते. कुणीतरी त्याला म्हणालं, तूही त्यांच्यातलाच ना? तो म्हणाला, नाही. हे घडलंय की नाही?"

मी म्हणाले, शास्त्रात आहे, प्रभूला पकडलं त्या रात्रीचं.

"शास्त्रात आहे म्हणजे घडलंय. शब्दन्‌शब्द. मी म्हणत नाही, तुमचं निवेदन म्हणतं. मास्तरांनी मला तेच विचारलं गं. अगदी तेच. त्यांच्या लक्षातही आलं नाही."

मी म्हणाले, आई, तिथे प्रभूला नाकारलं होतं. इथे नर्स आहे आणि घड्याळवाले आहेत.

ती म्हणाली, "भुकेल्याला दिलं ते मला दिलं, असं कोण म्हणालं? मास्तर?"

मला तिची भीती वाटली. खरंच वाटली. तुम्ही लोक शास्त्र धरून बसता, पण तुम्हाला त्यातली माणसं दिसत नाहीत आणि मला त्यातलं काहीच नीट आठवत नाही. तिच्यासाठी तो कोळी शेजारच्या गल्लीत राहतो. त्याने काय केलं ते तिला कळलंय, आणि ते आपल्या हातून होऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं आहे. ती तुमच्याविरुद्ध नाही, बाबू. ती तुमच्या बाजूला आहे, तुमच्यापेक्षा पुढे. तिला काढून टाकलंत तर निवेदन मानणारं तुमच्यात कोण उरतं ते बघा.

आणि ती नर्सच्या बाजूची आहे असंही समजू नकोस. शनिवारी नर्स आली होती. दारातच रडायला लागली. म्हणाली, "आजी, माझ्यासाठी नका करू. म्हणून टाका त्यांना काय हवं ते."

आई म्हणाली, "तुझ्यासाठी कोण करतंय? तुझं चुकलंच आहे. तेव्हाही सांगितलं होतं, आत्ताही सांगते. नवरा गेल्याशिवाय दुसरं लग्न नाही."

"हो, आजी."

"लांब राहायचं होतंस त्या पहिल्या नवऱ्यापासून. लग्न कशाला करायचं?"

"हो."

"रडू नकोस. नवरा चांगला आहे का हा?"

"चांगला आहे."

"बस मग. बोटं दाखव. तेल लावतेस का नाही?"

नर्स तासभर होती. आईने तिच्या बोटांना तेल चोळलं आणि चोळता चोळता तिला पुन्हा दोनदा पापी म्हणाली. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. हसावं की रडावं ते कळेना.

आता कामाचं. तुझ्या टाइप केलेल्या कागदाबरोबर पंचांची नोटीस होती. एक जूनला, भोजनाच्या आधी, नावं वाचून कमी करणार. ज्याचं नाव वाचलं त्याने उठून बाहेर जायचं. आणि वाचणार तू.

हे मास्तर का करत नाहीत? तूच मागून घेतलंस, की त्यांनी तुझी परीक्षा घ्यायची ठरवली? उत्तर देऊ नकोस. दोन्ही ऐकवणार नाही.

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. आज मागते. तिचं नाव वाचू नकोस. वाचता वाचता पुढे जा. कागद तुझ्या हातात असेल, इतर कुणाला दिसणार नाही. मास्तर ओळखतील, पण तेवढ्यात उठून बोलणार नाहीत, ते तेवढे वाईट नाहीत. आणि पाळकसाहेब तर मनातल्या मनात तुझे आभार मानतील. ती आपल्या जागेवर बसून राहील, ताट येईल, ती घेईल. पुढे कुणी काही विचारणार नाही. माणसांना अशा गोष्टी विसरायला आवडतं.

मला ठाऊक आहे मी कुणाकडे काय मागतेय. जो माणूस अर्धी गोळी कमी करत नाही त्याला मी एक अख्खं माणूस गाळायला सांगतेय. तरी सांगते.

ताई


१ जून, रविवार

बाबू,

दुपार झाली आहे. आई झोपली आहे. मी टेबलाशी बसले आहे आणि मला समोरच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. सकाळचं लिहून काढते. तूही तिथे होतास, पण तू समोरून पाहिलंस, मी शेजारून.

आईने सकाळी निळं लुगडं नेसलं, बाबांच्या पुण्यस्मरणाला नेसते ते. मी तिला सांगितलं नव्हतं की मी तुला काय लिहिलंय. ती आपल्या नेहमीच्या जागी बसली, खांबाजवळ. नर्स आणि तिचा नवरा आमच्या मागच्या बाकावर बसले. घड्याळवाले आजोबा एकटेच पलीकडच्या रांगेत होते. त्यांनी दाढी केली होती. हनुवटीवर कापलं होतं.

तू व्यासपीठावर चढलास. खालच्या पायरीवर तुझा पाय अडखळला. नावं अक्षरांच्या क्रमाने होती. पहिलं घड्याळवाल्यांचं. तुझा आवाज स्पष्ट होता. ते उठले, टोपी घेतली, पण गेले नाहीत, दाराशी जाऊन उभे राहिले. त्यानंतर आईचं यायला हवं होतं.

तू नर्सचं वाचलंस.

मी श्वास सोडला. तो मला ऐकू आला. मग तिच्या नवऱ्याचं, मग आणखी दोघा बसलेल्यांची. तू कागदाची घडी घातलीस. एक, दोन. माझ्या मनात आलं, त्याने दिलं. मी मागितलं आणि माझ्या भावाने दिलं. तेवढा क्षण मी तुझ्यावर इतकी माया केली, की लहानपणी तू तापाने फणफणला होतास तेव्हाही केली नसेल. पाळकसाहेबांनी डोळे मिटले होते. मास्तर समोर बघत होते, कुठेच न बघता. मी लिहिलं होतं तसंच सगळं होत होतं.

आणि आई म्हणाली, "एक नाव राहिलं."

मोठ्याने नाही म्हणाली. तिथे मोठ्याने बोलावं लागत नाही, तू जाणतोस, छत उंच आहे.

मी तिचा हात दाबला. तिने तो काढून घेतला.

मास्तर उठले. "वहिनी, राहू द्या."

"राहू कसं द्यायचं? एकही शब्द गाळायचा नाही असंच ठरलंय ना आपलं?"

"वहिनी, अहो, मी सांगतोय ना. बसा तुम्ही."

"बसलेच आहे," आई म्हणाली.

मागे कुणीतरी हसलं, भीतीने. मग तिने तुझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला ते सोसलं असतं. तुला पहिलं पुस्तक हातात देऊन ती समोर बसायची, तेव्हा जशी वाट बघायची तशी बघत होती.

"वाच, बाबू."

तू कागद उघडला नाहीस. घडी तशीच हातात होती. तू तिचं पूर्ण नाव म्हणालास, तिचं, बाबांचं, आडनाव. कागदाकडे न बघता. आईला नावाने हाक मारताना मी तुला कधी ऐकलं नव्हतं. मुलाच्या तोंडून ते कसं वाटतं ते आता मला माहीत झालंय, आणि ते मला माहीत व्हायला नको होतं.

ती उठायला लागली. समोरच्या बाकाची कड धरली. एकदा नाही जमलं. नर्स नाव वाचल्यावर उठली होती, पण अजून मागेच उभी होती; दुसऱ्यांदा तिने मागून काखेत हात घातला. मी उठले तर आई म्हणाली, "तू कुठे? तुझं नाव नाही त्यात. बस खाली." आणि मी बसले, बाबू. या वयात, तिने बस म्हटलं आणि मी बसले. मधल्या वाटेने ती नर्सच्या हाताला धरून गेली. दारापाशी घड्याळवाल्यांनी तिच्यासाठी दार धरलं. त्यांनी टोपी पुन्हा काढली.

मग तुम्ही भोजन केलंत. केलंत हे मला पटत नाही, पण केलंत. पाळकसाहेबांनी शब्द म्हटले. तू ताट उचललंस. आमच्या बाकापाशी आलास. माझ्याशेजारची जागा रिकामी होती, तिथे तिचा रुमाल राहिला होता. तू ताट माझ्यासमोर धरलंस. आपण दोघंही त्यातल्या भाकरीकडे बघत राहिलो. मी हात वर केला नाही. तू पुढेही गेला नाहीस. कितीतरी वेळ. मग मास्तर खाकरले आणि तू गेलास.

बाहेर ती पायऱ्यांवर बसली होती, बाकीच्यांबरोबर. घड्याळवाले त्यांच्या पहिल्या दुकानाची काहीतरी गंमत सांगत होते आणि ती हसत होती. मी आले तर म्हणाली, "रुमाल आणलास का?"

घरी आल्यावर तिने लुगडं बदललं. पलंगावर बसली. म्हणाली, "त्याने गाळलं."

मी हो म्हणाले.

"मुद्दाम गाळलं."

मी म्हणाले, मी सांगितलं होतं त्याला. मी पत्र लिहिलं होतं.

ती म्हणाली, "तू काहीही लिहिशील. गाळलं त्याने." आणि थोड्या वेळाने, "तो शास्त्राला एवढा धरून आहे, आणि गाळलं."

ती रागावली होती की नव्हती ते मी सांगू शकत नाही. मी तिचा चेहरा बघत होते आणि मला ते ओळखता आलं नाही. मग ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

मला विचारशील तर माझा अजून विश्वास बसत नाही. कशावर, ते विचारू नकोस. तू गाळलंस यावर, की तू वाचलंस यावर.

हे पत्र आज टाकत नाही.


२ जून, सोमवार

सकाळी आईने मला लवकर उठवलं आणि तुझ्याकडे जायचं म्हणाली. "तो कोळीही नंतर बाहेर जाऊन रडला होता." जाताना तुझं दुकान बंद दिसलं. तुझ्या जिन्यावर ती प्रत्येक वळणावर थांबली. मधल्या मजल्यावरच्या बाईंनी तिला स्टूल आणून दिलं. तुझ्या बायकोने दार उघडलं. तू पहाटेच बाहेर पडलास, कुठे ते सांगितलं नाहीस, म्हणाली. आई आत जाऊन स्वयंपाकघरात बसली आणि तुझ्या बायकोबरोबर वाटाणे सोलले. दहा वाजेपर्यंत थांबलो. तू आला नाहीस. मग आम्ही घरी आलो.